मानधनाचा विग्रह

दिवाळी संपली त्या दिवशी आमच्या घरात चौदा नारळ होते. सात ओट्याखाली, चार फ्रीजवर, दोन देवासमोर आणि एक बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी. बायकोनं त्यांची गावनिहाय नोंद ठेवली होती. "हे दादरचे. हे ठाण्याचे. आणि हा कल्याणच्या मंडळाचा, हलवून बघा, पाण्याचा टिपूस नाही." मी हलवून पाहिला, मग सवयीनं बोटानं वाजवूनही पाहिला. पांढरी तीनच्या जवळपास लागत होता.

आठवडाभर आम्ही सोलकढी प्यायलो. करंज्या झाल्या, वड्या झाल्या, शेजारीपाजारी वाटून झाले. आमटीत खोबरं इतकं पडायला लागलं की मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या वेळी बाबांना डाळ द्यायला सांग ना त्या लोकांना."

शालींची गोष्ट निराळी. शाल खाता येत नाही आणि डोंबिवलीत पांघरताही येत नाही. आजमितीला एकवीस आहेत. एक पेटीवर, एक शिलाई मशीनवर, एक मिक्सरवर. बाकीच्या कपाटात सत्काराच्या घडीतच. मध्ये एक मी चुलतमेव्हण्याला त्याच्या निवृत्तीच्या समारंभात पांघरली. तीन वर्षांनी एका नाट्यसंगीताच्या कार्यक्रमानंतर माझा सत्कार झाला तेव्हा तीच शाल माझ्या खांद्यावर आली. काठावरचा हळदीचा डाग मी ओळखला. डागानंही मला ओळखलं असावं. मधल्या काळात ती किती खांदे फिरून आली, देव जाणे, पण तिला माझ्यापेक्षा जास्त कार्यक्रम मिळाले असणार.

तर, मी पेटी वाजवतो. निमंत्रणपत्रिकेवर 'संवादिनीसाथ' असं छापतात, फोनवर 'पेटी' म्हणतात, आणि हॉलचा रखवालदार "तो बाजावाला आलाय, सोडू का?" असं विचारतो. तिन्ही नावांचा दर एकच आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यातली स्टोअरकीपरची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ वादक झालो. आमचे गुरुजी टपाल खात्यात होते. त्यांनी तेव्हा एवढंच विचारलं, "पेन्शनला किती वर्षं राहिली होती?" मी म्हटलं, तेवीस. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भैरवी घे." सकाळचे साडेनऊ वाजले होते.

आमच्या धंद्यात 'पगार' हा शब्द नाही. 'मजुरी' नाही, 'फी' म्हटलं की समोरच्याचा चेहरा दवाखान्यात आल्यासारखा होतो. शब्द आहे 'मानधन'. शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे हा तत्पुरुष समास धरायला हरकत नाही: मानाचं धन. आम्ही कलावंत तो ऐकतो तेव्हा इतरेतर द्वंद्व समजतो: मान आणि धन. संयोजक मात्र त्याला वैकल्पिक द्वंद्वात घालतात; खरेखोटे, पासनापास यांच्या पंक्तीत. विग्रह: मान किंवा धन. मान दिलेला असल्यामुळे विषय संपलेला असतो.

आता ते ठरतं कसं, ते सांगतो. फोन येतो.

"नमस्कार, संवादिनीवादक ना? अहो, काय बोटं आहेत तुमची!"

बोटांची स्तुती झाली की समजावं, पैशांचं स्टेशन अजून लांब आहे.

"आमचं छोटंसं घरगुती मंडळ. पस्तिसावं वर्ष. तिकीट वगैरे काही नसतं, पण रसिक एकदम दर्दी हो."

मी "वा, वा" म्हणतो. तारीख होते, वेळ होते, गायिकाबाईंची पट्टी काळी चार की पांढरी पाच याचा खल होतो, गाडी कुठे लावायची तेही कळतं. मला गाडी नाही. आणि सगळं झाल्यावर, रिक्षातून उतरता उतरता विचारावं तसं:

"आणि तुमचं काय ते सांगून टाका."

इथे माझी जीभ टाळ्याला चिकटते. मारवा गाणारा षड्जाला जसा टाळत टाळत फिरतो, अगदी जवळ जातो आणि बाजूनं निसटतो, तसा मी आकड्याभोवती फिरतो. "तसं काही नाही हो... आपलं नेहमीचंच... तुम्ही काय बाकीच्यांना देता त्याप्रमाणे..." आणि शेवटी ते आत्मघातकी वाक्य: "तुम्हीच ठरवा."

गुरुजींनी मला सगळं शिकवलं. गायकाच्या अर्धी मात्रा मागं कसं राहायचं, त्याचा श्वास संपला की पोकळी कशी भरायची, तो सूर विसरला तर कुणाला न कळता तो त्याच्या हातात कसा ठेवायचा. आकडा कसा उच्चारायचा, हे शिकवायचं राहिलं. त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरातला उपरोध असा की बायको एका पतपेढीत वसुली विभागात आहे. बुडालेली कर्जं ती फोनवरून, आवाज न चढवता बाहेर काढते. तिनं एकदा मला आरशासमोर उभं केलं. "माझ्याकडे बघून म्हणा. साडेतीन हजार."

"साडेतीन हजार."

"हे मागणं झालं की माफी मागणं झालं? पुन्हा."

पाचसहा वेळा झालं. शेवटी ती म्हणाली, "असं म्हणालात तर तो माणूस तुमच्याकडून पैसे घेऊन जाईल." तरी पुढच्या फोनला मी हिय्या केला. डोळे मिटले आणि सुरुवात केली, "माझे साडे..." आणि ऐन वेळी घसा बसला.

"साडेसातशे?" पलीकडून आनंदाचा चीत्कार. "अहो चालेल की! आम्ही हजार धरले होते."

पेटीवर मींड निघत नाही, हा आमच्या वाद्यावरचा शंभर वर्षांचा आक्षेप आहे. त्या दिवशी मी साडेतीन हजारांवरून साडेसातशेपर्यंत अखंड मींड काढून दाखवली.

गंमत अशी की त्याच कार्यक्रमात मांडववाल्याचा दर ठरलेला असतो. फुलवाल्याचा असतो. वडेवाल्याचा तर दरडोई असतो. आणि साउंडवाल्याची निम्मी रक्कम आधी खात्यात जमा झाल्याशिवाय त्याचा टेम्पो गल्लीत वळत नाही. साउंडवाल्याला कुणी "तुम्हाला चांगला प्लॅटफॉर्म मिळेल" असं म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्याआधी प्लॅटफॉर्म त्यानंच लावलेला असतो.

माझा भाचा सीए आहे. त्यानं मागे मोठ्या उत्साहानं मला सांगितलं, "मामा, तुमच्यासाठी चांगली बातमी. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करणाऱ्या कलावंताला एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे." मी त्याला शब्द दिला की ही मर्यादा मी ओलांडणार नाही. आजवर तो पाळला आहे.

हा रोग आमच्या पिढीचा, असं समजू नये. जुन्या संगीत नाटक कंपन्यांच्या काळात वादकाला महिन्याच्या महिन्याला पगार, जेवण आणि बिऱ्हाड मिळायचं खरं, पण पुढे काय झालं ते ऐका. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली तेव्हा तिच्या तीन मालकांपैकी एक बालगंधर्व, दुसरे गणपतराव बोडस आणि तिसरे गोविंदराव टेंबे. म्हणजे एक पेटीवाला चक्क मालक! वाचताना अजूनही माझी छाती फुगते. पुढे याच कंपनीत तबल्यावर थिरकवाखाँसाहेब होते, सारंगीवर कादरबक्ष. भरजरी शालू, अत्तरं, खरे दागिने असा सगळा थाट, आणि थाटाखाली कर्ज. टेंबे त्यातून लवकर बाहेर पडले होते. मग बोलपट आला. १९३२ साली प्रभातनं पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. त्यात राजाची भूमिका गोविंदराव टेंब्यांना मिळाली, संगीतही त्यांचंच. मराठी पडद्यावर बोलणारा पहिला राजा पेटीवाला होता, हे मी दर शिकवणीत सांगतो. राजा कोणता, हे सांगायचं टाळतो. हरिश्चंद्र. राज्य दान केलं, बायको-मुलगा विकले आणि स्वतः स्मशानात पहाऱ्याला उभा राहिला. व्ही. शांतारामांना आमच्या धंद्याची बरीच आतली माहिती असावी.

आणि रेडिओ? १९४० सालच्या मार्चमध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला हद्दपार केलं. आरोप दोन: परदेशी आहे आणि श्रुती चुकीच्या आहेत. पहिला खरा होता. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅनच्या नावावर तिचं पेटंट झालेलं आहे. दुसराही, खरं सांगायचं तर, अगदीच खोटा नव्हता. इंग्रज गेले, रेडिओ आकाशवाणी झाला, पण बंदी राहिली. मधली दहा वर्षं नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर नावाचे मराठी गृहस्थ होते; त्यांचं सिनेसंगीताशीही जमलं नाही, तिथे पेटीची काय कथा. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! जन्मठेपेचा कैदीसुद्धा त्याआधी सुटतो. परदेशातून आलेल्या मायक्रोफोनवर, परदेशातून आलेल्या ट्रान्समीटरमधून सांगितलं जायचं की हे वाद्य परदेशी आहे.

पण रडगाणं गाताना एक गोष्ट लपवू नये. पेटी गरीब, शोषित वगैरे काही नाही. ती मैफलीत आली तेव्हा तिनं सारंगीवाल्यांना उठवलं. सारंगी गळ्याच्या जवळ जाते, तिच्यावर मींड निघते, सगळं निघतं. पण ती सुरात लावायलाच तीस-चाळीस तारांशी झगडावं लागतं आणि ती वाजवायला शिकण्यात जन्म जातो. पेटी उघडली की वाजते. पिढ्यान् पिढ्या सारंगी वाजवलेल्या घरांच्या ताटातला घास आम्ही काढून घेतला. आता मोबाइलमधला तानपुरा आणि कीबोर्डवाला तरुण आमच्या ताटाकडे बघतात तेव्हा मी जोरात ओरडू शकत नाही. थोडंसं ओरडतो.

मोबाइलमधल्या तानपुऱ्यावरून आठवलं. पूर्वी गायकामागं दोन शिष्य तानपुरे घेऊन बसायचे. तेवढंच त्यांना मंचावर बसायला मिळायचं, गाणं पाठीमागून ऐकायला मिळायचं आणि शेवटी जेवण. मग इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा आला, आता तोही जाऊन फोनमध्ये अॅप आलं. गेल्या कोजागरीला एका गच्चीवर कार्यक्रम होता. गायकानं स्वतःचा फोन स्पीकरला जोडून तानपुरा लावला होता. यमन रंगला होता, तीव्र मध्यमावर तो स्थिरावला, लोकांनी डोळे मिटले, आणि तानपुरा बंद पडून स्पीकरमधून घंटी वाजली. घाईघाईत बोट भलतीकडे पडलं आणि फोन उचललाच गेला. साऱ्या गच्चीनं ऐकलं: "सर, आपको पर्सनल लोन चाहिए?" तबलजी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "नंबर घेऊन ठेव."

आमचं पीक हंगामी आहे. श्रावणात अंकुर फुटतो, गणपतीत तरारतो, पितृपक्षात करपतो. पितरांना गाणं का चालत नाही, याचा कुठल्या ग्रंथात आधार आहे कोण जाणे. त्यांच्यातले निम्मे हयातीत पहिल्या रांगेत बसत होते. नवरात्र, कोजागरी, आणि मग दिवाळी पहाट. वर्षाला तीनशे पासष्ट पहाटा होतात. पैकी महाराष्ट्राला तीन-चारच संगीतमय लागतात आणि त्या सगळ्या गावांना एकाच वेळी लागतात. नरकचतुर्दशीला मला सात बोलावणी येतात आणि त्यापुढच्या दोन महिन्यांत मिळून दोन. सहा जणांना नाही म्हणताना जो जीव तुटतो, तो भूक लागलेली असताना एकाच दिवशी सात घरची श्राद्धाची आमंत्रणं आलेल्या ब्राह्मणालाच कळेल.

मग वर्षभर जगवतं कोण? इथे मला एका दुर्लक्षित वर्गाचे जाहीर आभार मानायचे आहेत: निवृत्त अधिकारी. कुणी मुख्य अभियंता होते, कुणी बँकेचे विभागीय व्यवस्थापक, कुणी सहनिबंधक. पस्तीस वर्षं फायलींखाली दाबून ठेवलेलं गाणं साठाव्या वर्षी उसळी मारून बाहेर येतं. स्वतःच्या पंचाहत्तरीला स्वतःच हॉल घेऊन, स्वतःच तीन तास गाऊन, पाहुण्यांना श्रीखंड-पुरी घालणारे आश्रयदाते मी पाहिले आहेत. पेशव्यांनीसुद्धा एवढं केलं नसेल. ते निदान गात नव्हते.

यांच्या साथीला फार तयारी लागते. एक साहेब काळी दोनमध्ये सुरुवात करतात. पहिल्या अंतऱ्याला पांढरी तीन. दुसऱ्या अंतऱ्यात काय होईल, याचा अंदाज हवामान खात्यालाही देता येणार नाही. माझी पेटी स्केलचेंजर आहे. सुरांची अख्खी पट्टी सरकवता येते. ही सोय गायकागणिक पट्टी बदलावी लागते म्हणून केलेली आहे. मी ती ओळीगणिक वापरतो. डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर, आणि मन साहेबांच्या मागं, बस सुटलेल्या माणसासारखं. पण कार्यक्रम संपला की साहेब स्वतः जवळ येतात, दोन्ही हातांनी पाकीट देतात, पाकीट जाड असतं आणि वर "जेवल्याशिवाय जायचं नाही" असा दम. उलट जिथे गाणं ऐकून अंगावर काटा येतो, बोटं आपोआप योग्य ठिकाणी पडतात, जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटतं, तिथे शेवटी कुणीतरी कानाशी येऊन म्हणतं, "तुमचं पुढच्या वेळी एकदम बघू हं." सूर आणि पैसा यांचं व्यस्त प्रमाण मी इतकी वर्षं पडताळून पाहतो आहे. एखादा गायक पहिल्याच षड्जाला बेसूर लागला की माझ्या मनात आशेचा किरण चमकतो.

पाकिटाचंही एक शास्त्र आहे. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं. त्याच्या खालची जाडी अंगठ्यानं चाचपायची, पण चेहरा भैरवी संपल्यासारखा निर्विकार ठेवायचा. आमचे तबलजी पाकीट न उघडता, नुसतं खिशात टाकताना झालेल्या आवाजावरून रक्कम सांगतात. त्यांचा अंदाज चुकला असं एकदाच झालं. आत नोटांऐवजी मंडळाच्या वार्षिक अहवालाची घडी निघाली.

उरलेला संसार शिकवण्यांवर. सोसायटीतली मुलं येतात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, आणि दहावी आली की गाणं अपूर्ण. विशारदपर्यंत माझ्याकडे दोघंच पोचली. त्यातला एक आता घरं विकतो आणि मला आदरानं दोन बीएचके दाखवतो. आयांची मागणी ठरलेली: "सर, अलंकार-बिलंकार नंतर करा, गॅदरिंगला एक गाणं बसवून द्या." एका आईनं विचारलं होतं, टीव्हीवरच्या स्पर्धेत जायला साधारण किती क्लास लागतात? मी म्हटलं, बारा-पंधरा वर्षं. त्या म्हणाल्या, "नाही, आठवड्याला किती, असं विचारत होते."

न्यू जर्सीतही एक विद्यार्थिनी आहे. तिची शनिवारची रात्र म्हणजे माझी रविवारची सकाळ, साडेसहा. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं मागं सरकवतात, मला कुणी सांगत नाही, आणि मी अंघोळ करून, दाढी करून, पेटी मांडून तासभर स्वतःचाच चेहरा पाहत बसतो. पहिल्या धड्याला मी षड्ज धरून ठेवला तर तिला काहीच ऐकू जाईना. पुष्कळ खटपटीनंतर कळलं की झूमला एकसारखा लांब आवाज आला की तो पंखा किंवा एसी वाटतो आणि ते तो पुसून टाकतं. ज्या अखंड, स्थिर, न हलणाऱ्या सुरासाठी गुरुजींनी माझी चार वर्षं घेतली, तो यंत्रानं पंख्याची घरघर म्हणून काढून टाकला होता. 'ओरिजिनल साउंड' नावाचं बटण दाबल्यावर तो परत आला. मधल्या वेळात ती मुलगी म्हणत होती, "सर, युअर कुकर इज व्हेरी क्लिअर."

खर्चाचं फार सांगत नाही. बरी स्केलचेंजर पेटी चाळीस-पन्नास हजारांखाली येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, आणि अडकलेला सूर दाबून न ठेवताही वाजत राहतो, एखाद्या वक्त्यासारखा. तीन वर्षांपूर्वी उंदरानं भाता कुरतडला. पेटीचा भाता ही अशी गोष्ट आहे की ती चालू असताना कुणी तिच्याकडे बघत नाही. लोक उजव्या हाताला टाळ्या देतात. डावा हात मागं मुकाट्यानं हवा भरत असतो. आमच्या घरी एक तारखेला जी हवा भरली जाते, ती पतपेढीतून येते. एवढं लिहिलेलं बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "उंदराच्या शेजारी बसवलंत मला."

आता त्या चौदाव्या नारळाच्या दिवसाकडे येतो. दादरला पहाटेचा कार्यक्रम करून मी सकाळी दहाच्या सुमाराला परत निघालो होतो. पेटी वीस किलोच्या आसपास. ती घेऊन लोकलच्या साध्या डब्यात शिरलो तर लोक वाद्याला नव्हे, वादकाला उतरवतात. म्हणून मी मालडब्यातून जातो. तिथे दुधाच्या किटल्या, भाजीच्या गोण्या, फुलांची पोती आणि मासळीच्या पाट्या. तिथे सगळेच काहीतरी विकायला निघालेले असतात, त्यामुळे मला परकं वाटत नाही. फक्त रेशमी कुडता आणि कपाळावरच्या अष्टगंधामुळे मी थोडा उठून दिसत असेन.

भाऊच्या धक्क्यावरून माल घेऊन निघालेली एक मावशी समोर पाटीवर हात टाकून बसली होती. तिनं मला, पेटीला आणि माझ्या काखेतल्या नारळाला नीट न्याहाळलं.

"दादा, पेटीत काय हाय?"

"वाजवायची पेटी आहे मावशी. भजनात असते ना, तशी."

"मंग आज वाजवली?"

"हो. पहाटे पाचपासून."

"किती दिले?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न इतका सरळ मला कुणी विचारला नव्हता. संयोजकानं नाही, समीक्षकानं नाही, आयकर खात्यानंसुद्धा नाही. मी पाकीट काढलं, तिच्यासमोर उघडलं. एक हजार एक. वरचा रुपया धरून.

"आन् ह्यो?" नारळाकडे बोट.

"हा सत्काराचा."

तिनं नारळ हातात घेतला, कानाशी हलवला आणि परत दिला. तिलाही पाण्याचं कळलं होतं. "आदी किती ठरलेलं?"

"आधी... तसं ठरवत नाही मावशी आमच्यात."

मावशी माझ्याकडे पाहत राहिली. ती नजर मी याआधी एकदाच पाहिली होती, पेन्शनच्या दिवशी, गुरुजींची. मग तिनं पाटीवरचा ओला कपडा सारखा केला आणि म्हणाली, "भाव सांगल्याबिगर मी पाटी डोक्यावरनं खाली उतरत नाय. एकदा उतरली का मंग लोक हात लावतात, वास घेतात, कल्ले बघतात आन् म्हनतात, दे पन्नासला. पाटी डोक्यावर हाय तवर भाव आपला."

कळव्याला ती उतरली. उतरताना पाटी कुणीतरी डोक्यावर ठेवून दिली, आणि फलाटावर एका बाईनं विचारताच तिनं मान न वळवता आकडा सांगितला. मुंब्र्याच्या बोगद्यात मी तो आकडा, तिच्याच सुरात, मोठ्यानं म्हणून पाहिला. शेजारचा भाजीवाला दचकला, पण त्यानं ऐकून घेतलं.

परवा फोन आला. मार्गशीर्षातला गुरुवार, अभंगवाणी, पंचविसावं वर्ष. "काय बोटं आहेत हो तुमची!" इथपासून सुरुवात. मी खुर्चीवरून उठलो आणि सरळ उभा राहिलो. डोक्यावर काहीतरी तोलून धरल्यासारखी मान ताठ केली. तारीख विचारू दिली नाही, वेळ विचारू दिली नाही.

"साडेतीन हजार," मी म्हटलं. "मग पट्टी सांगा."

पलीकडे शांतता. मारव्यातल्यासारखी. स्वयंपाकघरातून बायकोनं डोकं बाहेर काढलं.

"साडेतीन..." ते गृहस्थ शेवटी म्हणाले. आवाज बसल्यासारखा होता. "नाही, चालेल. चालेल तसं. फक्त एक आहे, मग शाल आणि नारळ त्यात धरू नका."

नारळ मी तिथल्या तिथे सोडला. शालीबद्दल बोलणी चालू आहेत. ती हळदीच्या डागाची मी पुन्हा पुढे फिरवली होती; आता ती त्यांच्या मंडळात पोचली असावी, असा माझा अंदाज आहे.